कुलपातली ऊब

...आणि त्या पेटीला कुलूप, बरं का! काल गोष्ट तिथंच येऊन थांबली होती. भिंतीवर पेटी, पेटीला कुलूप आणि कुलपाची किल्ली सुताराच्या कमरेला. आत काय? सोनं नाही की नाणं नाही. आत होती चहाच्या बशीएवढी एक गोल चकती. ती उजवीकडे फिरवली की स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातला बॉयलर भक्कन पेटायचा, गरम पाणी नळ्यांतून घरभर फिरायचं आणि प्रत्येक खिडकीखालचा लोखंडी रेडिएटर हळूहळू तापायला लागायचा. डावीकडे फिरवली की खट्! सगळं गार. ज्या गावात वर्षातले निम्मे महिने खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची साय धरते, तिथं ही चकती म्हणजे घराची खरी मालकीण. आणि या मालकिणीला सुतारानं कोंडून ठेवलेली.

काल जे नव्हते त्यांनी एवढंच लक्षात ठेवायचं, की गोष्ट सुताराची नाही, त्याच्या बायकोची आहे. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात चादरी आणि शर्ट इस्त्री करण्यात तिचा सगळा जन्म गेला, म्हणून झाडून सगळे तिला इस्त्रीकाकू म्हणायचे. मॅनेजरसुद्धा इस्त्रीकाकूच म्हणायचा, आणि तो तिच्याहून वयानं मोठा होता!

आता, सुतार वाईट होता का? छे! बाहेर कुणालाही विचारा. शेजाऱ्याचं दार कुरकुरलं तर हा हातातला घास टाकून रंधा घेऊन धावायचा. गल्लीतल्या पोरांना लाकडी घोडे करून द्यायचा, तेही झुलणारे. पण माणूस दारात जोडे काढतो ना, तसा हा आपला हसरा चेहरा दारात काढून ठेवायचा. जोड्यांच्याही आधी. घरात पाऊल टाकलं की पहिलं काम काय, तर हाताची पालथी बाजू रेडिएटरला लावून बघायची. लोखंड गार असलं तर मग जोडे, मग कोट, मग चहा. कोमट लागलं तर जोडे तसेच पायात, आणि आवाज चढलेला.

"कुणाच्या घामाचं जळतंय हे? अं? कुणाच्या?"

पोरगं तान्हं असताना एकदा खोकत होतं म्हणून काकूनं चकती थोडी वर नेली होती. एवढंच निमित्त झालं. एका डॉक्टरचं कपाट करून उरलेलं अक्रोडाचं लाकूड त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात पडून होतं, त्यातून सुतारानं पेटी केली. काय पेटी होती! एक खिळा नाही. फळीत फळी अशी बसवलेली की डोळे मिटून बोट फिरवलं तर सांधा सापडू नये. वरून पॉलिश असं की काकूला तिच्यात आपला चेहरा दिसायचा. पुढच्या बाजूला उभ्या फटी ठेवल्या, कारण कोंडलेल्या हवेत चकतीला घरातली थंडी कळणार कशी? डोकंच होतं माणसाला, नाही कसं म्हणायचं. पाहुणे आले की तो त्यांना मुद्दाम पॅसेजमध्ये न्यायचा आणि म्हणायचा, "चोरांचं काही नाही हो, जपावं लागतं ते घरच्यांपासून!" पाहुणे खो खो हसायचे. हातात चहाचा ट्रे घेऊन काकूपण हसायची. ट्रे हातात असताना माणूस दुसरं करणार तरी काय!

तिनं काही म्हटलंच, तर त्याचं उत्तर तयार असायचं.

"अगं, दिवसभर तू वाफेत असतेस. तुला घरी आणखी गरम हवंय कशाला? उलट गारव्यानं बरं वाटेल."

आणि खरंच, हॉटेलचं ते तळघर म्हणजे ऊबच ऊब. नळ्यांतून वाफ फुसफुसतेय, भिंतींना घाम सुटलाय, बायका बाह्या वर करून कामाला लागल्यात. काकूची पाळी दुपारी संपायची, पण हिचा पाय तिथून निघेना. कुणाचा शर्ट राहिला का बघ, कुणाची उशीची खोळ चुरगळली का बघ. पलीकडच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालणारी तिची मैत्रीण, तिला सगळे घडीवाली म्हणायचे, ती एकटीच हिला ओळखून होती. म्हणायची, "चल गं, तुझ्या बर्फाच्या कारखान्यात जायची वेळ झाली!" मॅनेजरला मात्र वाटलं, काय ही बाई, पाळी संपली तरी कामावरून हलत नाही! त्यानं वर कळवलं, वरच्यांनी आणखी वर कळवलं आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांसमोर, टाळ्यांच्या कडकडाटात इस्त्रीकाकूला बक्षीस मिळालं. काय मिळालं असेल? टेबलफॅन! वाफेत राबणाऱ्या बाईला चार घटका वारा मिळावा म्हणून. तो खोका काखेत मारून, बर्फावरून घसरत घसरत ती घरी आली. सुतार आठवडाभर हसत होता. त्या फॅनची गुंडाळलेली वायर तिनं कधी सोडलीच नाही.

पण ती काही नुसती सोसणारी नव्हती, हेही सांगायला हवं. पेटीला फटी होत्या ना? तिच्याकडे विणायच्या सुया होत्या. फटीतून सुई आत घालायची, चकतीच्या कडेला असलेल्या दातऱ्याला टेकवायची आणि हळूच रेटायची. भक्क! बॉयलर पेटला. मग संध्याकाळपर्यंत घर असं उबदार, की पोरगं शाळेतून आल्यावर स्वेटर काढून फरशीवर लोळायचं. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला काकूचे कान जिन्याकडे. सुताराचे बूट जड, टाचेला लोखंडी नाल. खालच्या पायरीवर पहिला ठक्, वळणावर दम खायला एक थांबा, मग वरचे ठक् ठक्. पहिला ठक् ऐकू आला की सुई फटीत आणि चकती मागे. पण लोखंड लगेच कुठं निवतंय? त्यालाही उपाय होता. दाराजवळच्या रेडिएटरवर, जिथं त्याचा हात पडायचा त्यावर, ओला टॉवेल टाकून ठेवायची आणि तो दारात येता येता उचलून घ्यायची. हात लावून बघ बाबा, गारच आहे!

सगळं सुरळीत चाललं होतं. एके दिवशी जेवताना पोरगं बापाला म्हणालं, "बाबा, तुम्ही लवकर नका ना येत जाऊ. तुम्ही आलात की थंडी होते."

लेकराचं बोलणं! सुतारानं घास नीट चावून खाल्ला, पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी दुपारीच घरी आला, तेही बूट हातात घेऊन, नुसत्या मोज्यांवर. काय झालं ते सांगण्यासारखं नाही. हात उगारला नाही, हे खरं. त्यानं फक्त तिची सुई मागून घेतली, फटीला लावून बघितली आणि कारखान्यातून पातळ पट्ट्या आणून सगळ्या फटी निम्म्या केल्या. नाजूक काम, तासभर मन लावून करत बसला. वर शीळही घालत होता. काकूनं मग लेस विणायची बारीक सुई पैदा केली. पण त्या दिवसापासून तिच्या कानाला विसावा नाही. भांडी घासताना, पोराचा अभ्यास घेताना, अगदी डुलकी लागली तरी एक कान जिन्यावर.

आता या माणसाला काय म्हणावं तेच कळत नाही, बघा. इस्त्रीची मूठ आवळून आवळून काकूची बोटं उतारवयात वाकडी झाली. थंडीत ती इतकी ठणकायची की चमचा धरवेना. एकदा धीर करून ती म्हणाली, "अहो, बोटं फार दुखतात हो. थोडं गरम ठेवलं तर..." सुतार उठला, तडक कारखान्यात गेला आणि दोन दिवसांनी घरातल्या एकूण एक चमच्यांना, सुऱ्यांना, किल्ल्यांना जाड, गुळगुळीत लाकडी मुठी बसवून घेऊन आला. हाताच्या मापाच्या! ती झोपलेली असताना मूठ मोजून गेला होता. काकू एकेक चमचा हातात धरून बघत राहिली. आयुष्यात तिच्यासाठी इतकं कुणी केलं नव्हतं. सगळ्या किल्ल्यांना मुठी होत्या. एका किल्लीला नव्हती, कारण ती त्याच्याच कमरेला होती.

आणि त्याचा शेवटही बघा कसा. छातीचं दुखणं निघालं, दवाखान्यात ठेवला. दवाखाना तो, सगळीकडे गरम. काकू उशाशी स्वेटर काढून बसलेली, बोटं पहिल्यांदाच जरा सरळ झालेली. मनात म्हणते, चार दिवस जास्त राहायला मिळालं तर बरं. आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. सुतारानं डोळे उघडले, खोलीत चहूकडे बघितलं आणि म्हणाला, "किती उकडतंय इथं. नर्सला सांग, कमी कर म्हणावं." त्यानंतर तो बोललाच नाही. जन्मभराची सोबत आणि निरोप काय, तर कमी कर!

दवाखान्यातून त्याचे कपडे आणि किल्ल्यांचा जुडगा काकूच्या हाती आला. भेटायला येणारी माणसं यायची थांबली तेव्हा एका दुपारी ती पेटीसमोर उभी राहिली. कुलूप उघडलं. चकतीवर धूळही नव्हती, इतक्या बारीक त्या फटी. तिनं आपल्या बोटांनी, सुईनं नाही, स्वतःच्या बोटांनी ती चकती धरली आणि उजवीकडे फिरवली. आणि चकती आली की हातात! इतकी वर्षं एकाच बाजूनं सुईनं रेटून रेटून आतला दांडा खिळखिळा झाला होता, तो आज तुटला. पॅसेजमध्ये ती उभी, हातात चकती आणि घर गारठलेलं. रडावं की हसावं तिला कळेना. तिनं घडीवालीला फोन केला आणि दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर काय केलं ते तिचं तिला माहीत.

मग मुलगा आला. तो आता मोठा साहेब, दुसऱ्या शहरात. मोठमोठ्या इमारतींत वीज आणि गॅस किती जळतो, कुठं वाया जातो, यावर नजर ठेवायची, हीच त्याची नोकरी. आईला घेऊन तो दुकानात गेला. तिथं भिंतभर थर्मोस्टॅट, म्हणजे घराची ऊब कमीजास्त करायच्या त्या चकत्याच, मांडलेले. एवढ्याएवढ्याशा वस्तू, काही चौकोनी, काही गोल, काही नुसती काळी काच. दुकानदार तरुण आणि तोंडाचा गोड.

"या मावशी! काय दाखवू? साधा, वेळ लावायचा, की स्मार्ट?"

काकूची नजर आधीच एकावर बसली होती. पांढरा, गोल, मोठाले आकडे आणि मोठी चकती. तिनं ती फिरवून बघितली. टक् टक् टक्, लोण्यासारखी फिरली. वाकड्या बोटांत बरोबर बसली.

"हा," ती म्हणाली. "हाच द्या."

"आई, हा मुका आहे गं," मुलगा म्हणाला. "त्याला काही कळत नाही. तू फिरवशील तसा चालेल."

"मग? मला तसाच पाहिजे."

दुकानदारानं लगेच काळी काच पुढं केली. "मावशी, हा बघा. हा स्वतः शिकतो! पहिले काही आठवडे तुम्ही कधी वाढवता, कधी कमी करता, ते बघत राहतो. मग तुमच्या आधीच करून ठेवतो. घरात माणूस आहे की नाही ओळखतो. साहेबांना तिकडून मोबाइलवर सगळं दिसेल, बदलता येईल. गॅसची बचत किती, तेही कळेल. तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही!"

"पण मला करायचंय ना," काकू म्हणाली.

दोघंही हसले. म्हातारीचा विनोद वाटला त्यांना.

"अगं आई, तिथून माझं लक्ष राहील. बोटं दुखत असताना तू उठायचंस, फिरवायचंस, कशाला? आणि दुपारी वाढवून विसरलीस, रात्रभर जळत राहिलं तर? बाबांनी किती जपलं होतं सगळं."

काकूनं पांढऱ्या चकतीवरचा हात काढला नव्हता. पण दुकानदार पुन्हा म्हणाला, आणि या वेळी जरा हळू, "मावशी, खरंच सांगतो. तुम्हाला काय आवडतं ते हा शिकून घेईल."

तिचा हात इथं सुटला, बघा. तुम्हाला काय आवडतं! इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, मॅनेजरनं नाही, त्यानं तर फॅन दिला होता. मुलगाही आत्ता विचारत नव्हता. आता एक काचेचा तुकडा भिंतीवर बसून आठवडेच्या आठवडे, दुसरं काही काम न करता, हिला काय आवडतं तेवढंच बघणार. म्हणाली, "बरं. द्या हाच."

जुनी पेटी मुलानंच स्क्रू काढून उतरवली. दोन्ही हातांत धरून तो तिच्याकडे बघत राहिला. "काय हात होता बाबांचा! आई, ही मी नेऊ? ऑफिसच्या टेबलावर ठेवतो. पेन, चष्मा ठेवायला. आठवण राहील."

"ने बाबा," काकू म्हणाली. "ने."

पेटी गेली. भिंतीवर तिच्या मापाचा फिकट चौकोन उरला आणि त्याच्या मधोमध ती काळी काच. हात लावला की तिच्यावर आकडे उजळायचे, बोटानं कड फिरवली की वरखाली व्हायचे. पहिल्या दुपारी काकूनं तो आकडा चांगला वर नेला. भक्क! बॉयलरचा तो जुना आवाज. खुर्ची रेडिएटरशी ओढली, दोन्ही हात लोखंडावर पसरले आणि चोरून नाही, उघड उघड, बसून राहिली. काय सुख! भिंतीकडे बघून म्हणाली, "बघतोयस ना? हे आवडतं मला. लिहून ठेव."

दुपार सरली. दिवे लागले. आणि खाली जिन्यावर ठक्.

वरच्या मजल्यावर टपालवाला राहायचा. साधा, भला माणूस, येता-जाता "काकू, बऱ्या आहात ना?" विचारणारा. दिवसभर बर्फातून वाटप करायचं म्हणून त्याचे बूट जड. काकूला हे पक्कं ठाऊक. बूट टपालवाल्याचे आहेत, तो वळणावर थांबेल आणि वर निघून जाईल, सगळं ठाऊक. तरी दुसरा ठक् व्हायच्या आत ती भिंतीपाशी उभी होती आणि आकडा खाली उतरला होता. खट्. दाराजवळच्या रेडिएटरवर टाकायला हातात ओला टॉवेलसुद्धा आला होता! तिचं तिलाच हसू आलं. टॉवेल परत नेऊन ठेवला. पण आकडा काही पुन्हा वर नेववला नाही. संध्याकाळ ही थंडीचीच वेळ. शाल घेतली आणि बसली.

कमी केल्यावर काचेवर एक हिरवं पान उमटायचं. मुलानं फोनवर सांगितलं, "ते बचतीचं पान, आई. छान काम केलंस की येतं. शाबासकी!"

दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, आज उठायचं नाही. हात मांड्यांखाली दाबून बसली. ठक्. बसून राहिली. वळणावरचा थांबा. बसून राहिली. मग वरचे ठक् ठक्, दाराच्या अगदी जवळ, आणि पाय पॅसेजमध्ये कधी पोचले ते कळलंच नाही. खट्. पान. असं रोज. टपालवाला दारावरून जाताना बाहेरून म्हणायचा, "काकू, बऱ्या आहात ना?" आणि ती आतून भिंतीला टेकून म्हणायची, "हो हो, बरी आहे!"

घडीवाली चहाला आली. कोट न काढताच बसली, कारण संध्याकाळ होती.

"हे पान कशाचं गं?"

"मी गारठले की येतं."

"अस्सं! मग तू मेल्यावर झाड येत असेल."

दोघी पोट धरधरून हसल्या. घडीवालीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "थट्टा पुरे. वाढव की तो आकडा. आता कोण येणारे घरी?" काकू उठली, वाढवला. खाली कुणाचं तरी दार आपटलं, नुसतं दार, आणि हिनं लगेच कमी केला. घडीवालीच्या कपातला चहा निवला होता, तोच पिऊन ती गेली.

पुढं टपालवाला रजेवर निघाला. बहिणीकडे जायचं होतं. सकाळी बॅग घेऊन दारात थांबला. "काकू, आठवडाभर मी नाही. जिना तुमचाच!" तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जिना मुका! संध्याकाळी पाय वाजायचेच नाहीत, मग हात उठेलच कशाला? दिवसभर ती लहान पोरीसारखी तयारी करत होती. खुर्ची रेडिएटरपाशी. शाल कपाटात, मुद्दामच. मोठा कप भरून चहा, लाकडी मुठीचा चमचा. जन्मात पहिली उबदार संध्याकाळ येणार होती तिच्या घरात आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागणार नव्हती.

दिवे लागले. जिना चिडीचूप. तिनं हात लोखंडावर पसरले, डोळे मिटले. बोटं एकेक करून सैल पडायला लागली.

खट्.

तिनं डोळे उघडले. कुणी उठलं नव्हतं, कुणी हात लावला नव्हता. काच आपोआप उजळली होती, आकडा आपोआप उतरत होता आणि खाली हिरवं पान उमटत होतं. इतके आठवडे बघून बघून यंत्र शिकलं होतं. दिवे लागायच्या वेळी या बाईला घर गार हवं असतं, हे त्याला पाठ झालं होतं. आता पायांचीही गरज नव्हती.

तिच्या तोंडून निघून गेलं, "आलात?"

आणि मग, जन्मात कधी नव्हती इतकी ती संतापली. तरातरा गेली आणि आकडा वर नेला. भक्क! दोन मिनिटं गेली नाहीत तो आकडा पुन्हा खाली. खट्. हिनं पुन्हा वर नेला. पुन्हा खाली. आता यंत्र करत नव्हतं, तिकडून मुलगा करत होता. त्याच्या मोबाइलवर टिंग टिंग वाजत होतं ना! तिसऱ्यांदा तिनं हात घातला तेव्हा काचेवर एक छोटं कुलूप उमटलं. हुबेहूब कुलूप. बोट फिरवलं तरी आकडा ढिम्म हलेना. आणि पाठोपाठ फोन वाजला.

"आई, काय चाललंय काय? कशाला सारखी फिरवतेस? बिघडेल ना ते! मी तात्पुरतं लॉक केलंय."

"थंडी वाजतेय मला."

"अगं नाही वाजत. सगळा आलेख आहे माझ्यासमोर. एवढ्या दिवसांत एकही संध्याकाळ चुकलेली नाही, तू स्वतःच्या हातानं कमी केलंयस. मी काही केलं नव्हतं, तूच केलंस. दुपारी थोडं वाढवतेस, संध्याकाळ झाली की पुन्हा खाली. आमच्या ऑफिसात दाखवला मी हा आलेख, सगळे म्हणाले, काय शिस्तीची आहे तुझी आई!" त्याचा आवाज एकदम मऊ झाला, आईवर माया आल्यासारखा. मागं टेबलावर काहीतरी खुळखुळलं, पेटीत पेन टाकल्यासारखं. "तुला पहिल्यापासून गारवाच बरा वाटतो. बाबा म्हणायचेच ना. त्यांना तुझी नस बरोबर ठाऊक होती. आणि हे बघ, बाबा एक वेळ चुकतील, यंत्र कसं खोटं बोलेल?"

काकू फोन कानाला धरून पॅसेजमध्ये उभी होती. समोर तो फिकट चौकोन, चौकोनात काळी काच, काचेवर कुलूप आणि खाली हिरवं पान. रेडिएटर निवत चालला होता. तिनं त्याला हाताची पालथी बाजू लावून बघितली आणि म्हणाली, "यंत्र नाही रे खोटं बोलत. जिन्यावर पाय वाजले की मीच कमी करते रोज, तुझ्या बापाला भिऊन. तो गेला हे त्या यंत्राला कुणी शिकवलं नाही, आणि मलाही नाही. तू असं कर, त्याची ती पेटी घेऊन ये आणि पुन्हा इथं ठोकून दे. तिला निदान फटी तरी होत्या."